नानांच्या ‘मग?’ला उत्तर देता येईपर्यंत

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि नाशिकमधल्या गंगापूर रोडच्या आमच्या अभ्यासिकेचं वातावरणच पालटलं. सामान्य अध्ययनाचे 250 गुणांचे चार पेपर, निबंध, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, आणि सगळं हाताने लिहायचं. आधी सगळे आपापल्या खुर्चीत मान खाली घालून बसलेले असायचे. आता जिन्यात, पार्किंगमध्ये, चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत असतं. मला हा बदल मनापासून आवडलाय.

चार पर्याय समोर असले की बरोबर उत्तर ओळखता येतं. ‘मागणीची लवचिकता’, ‘पर्जन्यछाया’, ‘वित्तीय तूट’ हे शब्द इतक्या वेळा डोळ्यांखालून गेलेले असतात की ते दिसले तरी ‘हो, हे येतं मला’ असं वाटतं. कोऱ्या पानावर तसं काही समोर नसतं. तिथे गोष्ट पहिल्यापासून उभी करावी लागते, एकामागून एक कारणं जोडत. ओळखीचा शब्द आणि समजलेली गोष्ट यांच्यात केवढी दरी असते, ते त्या पानासमोर बसल्यावर दिसतं.

मग सगळे म्हणतात, ‘स्वतःच्या शब्दांत लिहा.’ शाळेपासून ऐकत आलोय हे. पण स्वतःच्या शब्दांत म्हणजे काय, ते फारसं कुणी सांगत नाही. बऱ्याच वेळा त्याचा अर्थ असा घेतला जातो की पुस्तकातलं वाक्य घ्यायचं आणि त्यातले शब्द बदलायचे. पुस्तक म्हणतं, ‘किमतीतील बदलाला मागणीचा मिळणारा प्रतिसाद म्हणजे मागणीची किंमत लवचिकता.’ वहीत लिहिलं जातं, ‘भाव बदलल्यावर मागणी किती बदलते त्याला लवचिकता म्हणतात.’ वाक्य सोपं झालं, चुकीचंही नाही. पण ज्याने ते लिहिलं त्याला आता विचारा, कांद्याचं पीक दहा टक्क्यांनी जास्त आलं तर शेतकऱ्याच्या हातात पैसे जास्त येतील की कमी? तिथे गाडी अडते. शब्द स्वतःचे झाले, समज पुस्तकातच राहिली.

माझ्या मते स्वतःच्या शब्दांत सांगणं म्हणजे ती संज्ञा बाजूला काढून ठेवूनही ‘म्हणून’ची साखळी न तुटता शेवटपर्यंत नेता येणं. आणि ऐकणाऱ्याने ‘मग?’ विचारलं की पुढचं पाऊल टाकता येणं. पुस्तकात न दिलेल्या प्रसंगातसुद्धा.

हे मला शिकवणारी दोन माणसं आहेत. एक माझी रूममेट, मेकॅनिकल इंजिनिअर, माझ्यासारखीच तयारी करतेय. दुसरे माझे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणतो. निफाड तालुक्यात आमची थोडी शेती आहे, कांदा आणि थोडी द्राक्षं. नानांचं शिक्षण दहावीपर्यंतचं, पण एखादी गोष्ट पटली नाही तर ते मान डोलवत नाहीत. अभ्यास करणाऱ्याला असं माणूस घरात मिळणं हे मोठं भाग्य आहे, असं मला खरंच वाटतं.

रूममेटबरोबरचा आमचा नियम साधा आहे. रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर जायचं, एकीने एक विषय सांगायचा. सांगताना मूळ संज्ञा उच्चारायची नाही, ती अगदी शेवटी येईल. ऐकणारीने फक्त दोन प्रश्न विचारायचे: ‘का?’ आणि ‘मग?’. उत्तर सुचलं नाही तर खाली येऊन पुस्तक उघडायचं, पण तेवढंच पान वाचायचं जिथे अडलं. अख्खं प्रकरण पुन्हा वाचत बसायचं नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पहिल्यापासून वाचायला घेतलं की सगळं पुन्हा ओळखीचं वाटू लागतं आणि नेमकं भोक कुठे होतं ते झाकलं जातं.

आता कांद्याचं सांगते, कारण या एका विषयात मला जेवढं सापडलं तेवढं कुठल्याच नोट्समध्ये सापडलं नाही.

सुट्टीला घरी गेले होते. चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, फोडली होती आणि कांदा निवडायचं काम चालू होतं. कोंब आलेला एकीकडे, सडका एकीकडे, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, चांगला माल ट्रॉलीत भरायला. मीही बसले निवडायला आणि नानांना म्हटलं, “नाना, कांदा जास्त पिकला की पैसे कमी का होतात?”

“भाव पडतो म्हणून.”

“पण माल जास्त असतो ना. भाव थोडा पडला, माल थोडा वाढला, हिशेब सारखा बसायला पाहिजे.”

“तो बसत नाही, हे मला ठाऊक आहे,” नाना म्हणाले. “का बसत नाही ते तू सांग. पुस्तकं तू वाचतेस.”

मी सुरुवात केली. बाजारात कांदा जास्त आला तर तो सगळा कुणीतरी घ्यायला हवा. घेणारा कोण? घरोघरचं स्वयंपाकघर. पण स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट कांदा खात नाही. आई शेजारीच होती, ती लगेच म्हणाली, “आपल्याकडे तर घरचाच कांदा. तरी मी भाजीला दोनच चिरते.” यापेक्षा चांगलं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात मिळणार होतं? फुकट असूनही दोनच. म्हणजे भाव कितीही उतरला तरी खप थोडासाच वाढतो. आणि जास्तीचा माल खपवायचा तर तेवढ्या थोड्या वाढीसाठी भाव खूप खाली यावा लागतो. उलट बाजूनेही तेच. कांदा महागला तरी लोक फोडणीतून तो पूर्ण काढून टाकत नाहीत, थोडा हात आखडतात. म्हणून माल थोडा कमी आला तरी भाव उसळतो.

हिशेब मातीत काडीने मांडला. समजा 100 क्विंटल माल, 2,000 रुपये क्विंटल, म्हणजे दोन लाख. पुढच्या वर्षी 110 क्विंटल, पण भाव 1,400 वर आला, तर 1,54,000. माल दहा टक्के वाढला आणि पैसे 46,000 ने घटले. उलट 90 क्विंटलच माल आणि भाव 2,600 झाला, तर 2,34,000. आकडे मी समजण्यासाठी घेतलेले, पण भाव मालापेक्षा जास्त हलतो हे निरीक्षण फार जुनं आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स डॅव्हनंट या अर्थविषयक लेखकाने 1699 साली धान्याबद्दल असंच एक कोष्टक छापलं होतं: पीक एक दशांशाने घटलं तर भाव तीन दशांशाने चढतो, दोन दशांशाने घटलं तर आठ दशांशाने. ते आकडे त्याच्याच काळातल्या ग्रेगरी किंगचे मानले जातात. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलने ‘लवचिकता’ ही कल्पना 1890 च्या ग्रंथात नीट मांडली, त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट.

नानांनी काडीने मांडलेले आकडे पाहिले आणि 2,34,000 वर बोट ठेवलं. “हे पैसे कुणाला मिळाले?”

“शेतकऱ्यांना.”

“कुठल्या? ज्याचा कांदा पावसात गेला त्याला 2,600 भावाचं काय? ज्याचा वाचला त्याला मिळाले.”

पुस्तकातलं उदाहरण सगळ्या शेतकऱ्यांचं मिळून एकच उत्पन्न धरतं. ‘पीक घटलं की शेतकऱ्यांचं एकूण उत्पन्न वाढू शकतं’ हे वाक्य एकूण म्हणून खरं आहे, आणि ज्याच्या वावरात पाणी साचलं त्याच्यासाठी पूर्ण खोटं. दोन्ही एकाच वेळी. आता मी या विषयावर उत्तर लिहिते तेव्हा ‘एकूण’ हा शब्द जपून वापरते आणि पुढे एक वाक्य त्या दुसऱ्या शेतकऱ्यासाठी ठेवते. परीक्षकाला ते किती गुणांचं वाटेल माहीत नाही, मला ते वगळणं जमणार नाही.

नाना तिथेच थांबले नाहीत. “बरं, जास्त पिकवलं की नुकसान. मग मी पुढच्या वर्षी कमी लावू?”

मी म्हटलं, सगळ्यांनी कमी लावला तर...

“सगळ्यांचं सोड. मी एकट्याने कमी लावला तर भाव वाढेल का?”

नाही वाढणार. लासलगावच्या कांदा बाजारात लिलावाला ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, त्यात आमची एक ट्रॉली असली काय नि नसली काय, भाव तोच. म्हणजे नाना कमी लावतील तर भावही वाढणार नाही आणि मालही कमी, नुकसान त्यांचंच. म्हणून प्रत्येक जण जास्तच लावतो, आणि प्रत्येकाने जास्त लावला की सगळ्यांचाच भाव पडतो. हे सांगत असतानाच माझ्या लक्षात आलं की मी आता ‘पूर्ण स्पर्धेतील विक्रेता हा किंमत स्वीकारणारा असतो’ हे प्रकरण सांगतेय, जे माझ्या वहीत लवचिकतेपासून चाळीस-पन्नास पानं लांब, वेगळ्या शीर्षकाखाली लिहिलेलं होतं. ती दोन प्रकरणं एकाच ट्रॉलीत बसलेली आहेत हे नानांच्या प्रश्नाने दाखवलं.

त्याला जोडूनच तिसरी गोष्ट आली. यंदा भाव चांगला मिळाला की पुढच्या हंगामात लागवड वाढते, कारण रोप टाकताना माणूस मागच्याच भावाकडे बघतो. माल बाजारात येईपर्यंत काही महिने जातात आणि तोवर सगळ्यांनीच तसं केलेलं असतं. भाव पडतो. मग लागवड घटते, मग भाव चढतो. अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉरने 1934 मध्ये याला ‘कॉबवेब’ असं नाव दिलं, कारण आलेखावर त्या रेषा कोळ्याच्या जाळ्यासारख्या फिरत जातात. नानांना मी आलेख काढून दाखवला नाही. त्यांनी स्वतःच मला गेल्या काही हंगामांचे भाव सांगितले, एक तेजीचं, एक मंदीचं, असे, तोंडपाठ.

इथे पुस्तक आणि चाळ यांच्यात फरक पडतो, तोही सांगते. पुस्तकातलं पीक आलं की विकलंच जातं. आमचा उन्हाळी कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि चाळीत टिकतो, म्हणून पुढच्या हंगामाचा लाल कांदा यायच्या आधीचे ऑगस्ट-सप्टेंबरचे महिने तो भरून काढतो. चाळ म्हणजे मेमधला पुरवठा उचलून सप्टेंबरमध्ये ठेवायची सोय. पण ठेवलेल्या मालाचं वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतो. म्हणून नुसता भाव वाढून भागत नाही, घटीपेक्षा जास्त वाढावा लागतो. तेवढा वाढेल की नाही, हा अंदाज प्रत्येक घर आपापल्या जिवावर करत असतं.

मला खरी कसोटी वाटते ती अशी की ही साखळी मी आधी न सोडवलेल्या प्रश्नावर लावून पाहायची. म्हणून ट्रॉली भरून झाल्यावर मी निर्यातीचा विषय घेतला. ऑगस्ट 2023 मध्ये कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, मे 2024 मध्ये अटींसह उघडली, आणि 1 एप्रिल 2025 पासून शुल्क पूर्ण निघालं. हे सन आणि टक्के पाठ करणं वेगळं. साखळीने पाहिलं तर बाहेर जाणारा माल देशात अडला, म्हणजे देशातल्या बाजाराला पीक अचानक वाढल्यासारखंच झालं. खप तर तेवढाच. म्हणून अडलेला माल थोडा असला तरी भावाला मोठा धक्का. आणि त्याच कारणाने शहरातल्या गिऱ्हाइकाला तो उपाय पटकन लागू पडताना दिसतो. एकच कारण, दोन टोकांना दोन परिणाम. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आईच्या ‘दोनच चिरते’पासून इथवर चालत आले.

व्याजदराचंही याच ओघात झालं. महागाई वाढली की रिझर्व्ह बँक रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, वाढवते, कर्ज महागतं, लोक खर्च आवरतात, मागणी थंडावते. 2016 मध्ये कायद्यात बदल होऊन हा दर ठरवणारी सहा जणांची पतधोरण समिती आली, महागाईचं उद्दिष्ट 4 टक्के, वर-खाली 2 टक्क्यांची मुभा. हे सगळ्यांच्या नोट्समध्ये असतं. नानांनी विचारलं, “व्याज वाढवल्याने पावसात सडलेला कांदा परत येतो का?” येत नाही. महागाई पुरवठ्यातून आली असेल तर मागणी दाबण्याच्या उपायाला मर्यादा पडतात, हे वाक्य मी आधी कितीदा तरी वाचलं होतं. त्या प्रश्नानंतर ते वाक्य माझं झालं.

उपमांबद्दल थोडं. अभ्यासात उपमा सगळ्यांना आवडतात आणि त्यांचा फार वापर होतो. माझ्याकडे एकच अशी आहे जी मी ठेवली आहे. महागाईचा दर 6 वरून 4 टक्क्यांवर आला म्हणजे भाव उतरले, असं आमच्या गावात आणि अभ्यासिकेतही पुष्कळांना वाटतं. तिथे मी सांगते: निफाडच्या बसने वेग कमी केला म्हणून ती नाशिककडे मागे जात नाही, पुढेच जाते, जरा सावकाश. एवढ्या एका मुद्द्यापुरती ती उपमा चोख काम करते. पुढे ती ओढली, ब्रेक कोण मारतं, डिझेल म्हणजे काय, असं करायला गेलं की माणूस बसचा विचार करू लागतो आणि महागाई राहून जाते. म्हणून शक्यतो मी उपमेऐवजी तीच गोष्ट दुसरीकडे कुठे घडताना दिसते का ते शोधते.

पावसाच्या बाबतीत तसं सापडलं. माझा वैकल्पिक विषय भूगोल, त्यामुळे प्रतिरोध पर्जन्य, म्हणजे डोंगराने वारे अडवल्यामुळे पडणारा पाऊस, मी सांगायचा आणि रूममेटने ऐकायचं. आपल्या जिल्ह्यासारखं उदाहरण दुसरं नाही. इगतपुरीला वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि निफाड, येवला, सिन्नरकडे 500 च्या आसपास. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत भाताची खाचरं आणि टँकरच्या फेऱ्या.

मी सुरू केलं: अरबी समुद्रावरून वारे येतात, सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात, पाऊस पडतो. तिने तिथेच पकडलं.

“वर चढल्यावर थंड का होतात?”

वर थंड असतं म्हणून, हे सगळ्यांचं उत्तर. ती म्हणाली, “ते उत्तर नाही. वर थंड का असतं, तेच तर विचारतेय.” मग आम्ही सावकाश गेलो. वर हवेचा दाब कमी. दाब कमी म्हणून चढणारी हवा फुगते, पसरते. पसरताना तिला आजूबाजूच्या हवेला ढकलावं लागतं, त्याला ऊर्जा लागते. बाहेरून तिला कुणी उष्णता देत नाही, म्हणून ती स्वतःजवळचीच खर्च करते आणि गार होते, कोरडी असताना किलोमीटरमागे साधारण 10 अंश. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबल्यावर सुटणारी हवा बोटाला गार लागते, ती याच कारणाने. उपमा म्हणून नाही सांगत, तीच क्रिया आहे, फक्त घाटाऐवजी व्हॉल्व्हपाशी. पुढे हवा पुरेशी गार झाली की बाष्पाचं पाणी होऊ लागतं आणि ते होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून ढगात शिरल्यावर हवा आधीच्यापेक्षा सावकाश गार होते.

इथवर ठीक. मग मी पुस्तकातली आकृती सांगितली: डोंगराच्या दुसऱ्या बाजूला हवा खाली उतरते, तापते, कोरडी होते, म्हणून पर्जन्यछाया, म्हणजे कमी पावसाचा पट्टा. त्यावर तिचा प्रश्न असा की मी खरंच गप्प बसून विचार करायला लागले. “इगतपुरी 600 मीटरच्या आसपास, नाशिकही जवळपास तेवढ्याच उंचीवर. मग हवा उतरते कुठे?”

पुस्तकातला डोंगर त्रिकोणी असतो, दोन्हीकडे उतार. सह्याद्री तसा नाही. कोकणाकडून भिंत, आणि वर आल्यावर पठार. कसाऱ्याहून रेल्वेने इगतपुरीला चढताना बोगदे लागतात, पण तिथून नाशिक रोडपर्यंत आपण उतरतोय असं काही जाणवत नाही. तेव्हा आम्ही दोघींनी नकाशा समोर घेऊन साखळी पुन्हा बांधली. पाऊस पाडणारी गोष्ट म्हणजे चढणं. घाटमाथ्यावर चढ संपला की हवेला आणखी गार व्हायचं कारणच उरत नाही, आणि जवळचं पुष्कळ पाणी तर ती भिंतीवर टाकून आलेली असते. त्यात इगतपुरी, त्र्यंबकच्या भोवतीचे कडे पठाराच्याही बरेच वर गेलेले आहेत, कळसूबाई 1,646 मीटर. त्यांच्यावरून आलेली हवा पूर्वेला उतरते तेव्हा थोडी तापतेही. म्हणजे आपल्याकडे ‘चढ संपणं’ हे कारण मोठं आणि ‘उतार’ त्याच्या जोडीला, असं मला नकाशा बघून वाटतं. आता मी उत्तरात त्रिकोणी डोंगर काढत नाही. डावीकडे उभा कडा, उजवीकडे लांब पठार, त्यावर इगतपुरी, नाशिक, निफाड अशी नावं टाकते. त्र्यंबकच्या त्याच डोंगरांतून वैतरणा पश्चिमेला समुद्राकडे जाते आणि गोदावरी पूर्वेला पठार ओलांडून बंगालच्या उपसागराकडे. तीही त्याच आकृतीत बसते.

या सगळ्याला संशोधनाचाही आधार आहे. 2002 मध्ये येल विद्यापीठातल्या लिओन रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी लोकांना विचारलं की कपड्याची चेन, कुलूप, फ्लशची टाकी यांसारख्या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती समजतं. लोकांनी स्वतःला बऱ्यापैकी गुण दिले. मग पायरी-पायरीने लिहून दाखवा म्हटल्यावर आणि लिहून झाल्यावर त्याच लोकांनी स्वतःचे गुण कमी केले. दुसरा अभ्यास मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांचा, 1994 चा. आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणाचा धडा दिला. काहींनी प्रत्येक ओळीनंतर ती स्वतःला समजावून सांगितली, काहींनी तोच धडा दोनदा वाचला. समजावून सांगणारी मुलं पुढे सरस ठरली, विशेषतः अवघड प्रश्नांत. ती दुसऱ्या कुणाला शिकवत नव्हती, स्वतःलाच सांगत होती. ज्यांच्याकडे रूममेट नाही, नाना नाहीत, त्यांनी हे लक्षात घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. भिंतीला सांगा, वहीला सांगा, पण प्रत्येक ओळीला ‘मग?’ विचारा.

पुस्तक निवडतानाही याचा उपयोग होतो. रूममेटच्या आईने लग्नानंतर आपल्या इथल्याच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. 1989 मध्ये सुरू झालेलं हे विद्यापीठ मुळात घरी बसून, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी, म्हणून त्यांची पुस्तकं शिक्षक समोर नाही हे धरून लिहिलेली. काकूंचं अर्थशास्त्राचं जुनं पुस्तक मी वापरते. मध्येच थांबवून ते प्रश्न विचारतं. गुळगुळीत छापलेल्या, बाणांनी आणि चौकटींनी भरलेल्या नोट्सपेक्षा मला ते जास्त कामाचं वाटतं. चौकटीत बसवलेली माहिती पाठ व्हायला बरी, पण एका चौकटीतून दुसरीत जाणारा बाण नेमका का काढला, ते त्या नोट्स सांगत नाहीत.

संज्ञा टाकून द्या असं मी मुळीच म्हणत नाही. उत्तरपत्रिकेत ‘मागणीची अलवचिकता’, ‘प्रतिरोध पर्जन्य’, ‘सांद्रीभवन’ (बाष्पाचं पाणी होणं) हे लिहावंच लागतं, आणि लिहावं. शब्दमर्यादेत एक नेमकी संज्ञा चार ओळी वाचवते. माझा क्रम एवढाच की आधी साखळी, मग तिच्यावर नाव. उत्तर लिहायला बसले की कच्च्या पानावर बोलीभाषेतच दोन-तीन ओळी लिहिते, ‘स्वस्त झाला तरी लोक दोनच चिरतात, म्हणून...’ अशा. मग उत्तरपत्रिकेत तेच प्रमाण भाषेत, संज्ञांसह, आकडे जागच्या जागी. असं लिहिलेलं उत्तर माझं मलाच दुसऱ्या दिवशी वाचताना कुठे घसरलंय ते चटकन दिसतं. पाठ करून लिहिलेल्या उत्तरात ते दिसत नाही, ते सगळीकडे सारखंच गुळगुळीत असतं.

परवा फोनवर नानांनी नवा प्रश्न दिलाय. चाळीत माल ठेवून भावाची वाट बघायची, यातली जोखीम आज पूर्ण शेतकऱ्याची. ती दुसऱ्या कुणाच्या अंगावर थोडी तरी टाकता येते का, आणि टाकली तर तो फुकट का घेईल? गोदामाची पावती, त्यावरचं कर्ज, वायदेबाजार, ही प्रकरणं त्यासाठी वाचायला घेतली आहेत. गच्चीवर एकदा सांगून झालंय, ‘तो फुकट का घेईल’ इथे अडलं. तेवढंच पान आज रात्री पुन्हा वाचायचं आहे.